सालेहाआपाचा शब्द

सालेहाआपाला कुणाला नाही म्हणताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा. फोन वाजला की ती भरल्या ताटावरून उठायची. "कोण गेली?" एवढंच विचारायची, ओढणी डोक्यावर घ्यायची आणि चपला शोधायला लागायची. भिवंडीत एखादी बाई वारली आणि घरात गुस्ल द्यायची कुणाची छाती झाली नाही, की आपाला बोलावणं यायचं. मय्यतीला शेवटची आंघोळ घालायची, कफन नेसवायचं आणि घोटभर चहाही न घेता परत यायचं, हे काम ती माझ्या जन्माच्या आधीपासून करत होती.

आमची मैत्री तशी विचित्रच. ती सत्तरीला टेकलेली, मी छत्तिशीची. कामतघरला आमची घरं पाठीला पाठ लावून उभी, आणि गल्लीच्या तोंडाशी लूमचा कारखाना. त्या खटखटीत दिवस काढायचा तर माणूस एक तर बहिरा होतो नाहीतर चिडका. मी चिडकी झाले. दापोड्याच्या गोदामात मी पॅकिंगची शिफ्ट सांभाळते आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाशी तरी कडाक्याचं भांडून येते. आपा हसायची. म्हणायची, "जोहा, तुझ्या नाकावरचा राग उतरवायला शिडी लावावी लागंल."

एकदा तिच्या सोबतीची बाई आजारी पडली, तेव्हा ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "चल, पाणी ओतायला माणूस पायजे." मी घाबरत घाबरत गेले. परत येताना रिक्षात रडले. ती माझा हात तिच्या मांडीवर धरून बसली. त्यानंतर मी जातच राहिले. मला नमाज पढायचा कंटाळा, रोजे मी कुरकुरत करते. पण आपा मय्यतीच्या अंगावरची चादर हलू न देता खालून हात फिरवायची, गरम पाणी आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची, तेव्हा मला वाटायचं की अल्लाह असलाच तर या खोलीत आहे. मला एकटीलाच असं वाटत नव्हतं. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून भाजी विकायला येणारी गंगू आपासाठी बोरीचा ताजा पाला आणायची. गुस्लच्या पाण्यात तो लागतो. गंगूचे देव वेगळे, पण ती म्हणायची, "आपाचा काम म्हंजे देवाचाच काम हाय." कारखान्याचा मालक कफनासाठी पांढरं कापड स्वतः आणून द्यायचा, तेही हात जोडून.

आपाचे दोन नियम होते. पहिला, गुस्लच्या खोलीत जे दिसलं ते त्या खोलीतच ठेवायचं. कुणाच्या अंगावर काय व्रण होता, कुणाचा चेहरा कसा झाला होता, हे आपल्या सख्ख्या आईलासुद्धा सांगायचं नाही. मय्यतीचं झाकणाऱ्याचं अल्लाह झाकतो, असं ती मनापासून मानायची. दुसरा नियम असा की बाहेर आल्यावर घरच्यांना काहीतरी चांगलं सांगायचं. चेहरा शांत होता, ओठांवर हसू होतं. काहीच सापडलं नाही तर हात किती नाजूक होते, असं. लोक दारात त्या शब्दाची वाट बघत उभे असायचे. आपा बोलली की बाया मोकळ्या होऊन रडायच्या आणि पुढे वर्षानुवर्षं सांगायच्या, "सालेहाआपा म्हणाली होती, आमची आई हसत गेली."

मग तहसीन गेली.

तहसीन आमच्या गल्लीतल्या हमीदाची थोरली लेक. काल्हेरला नव्या बिल्डिंगमध्ये राहायची. तिच्या नवऱ्याचे, सादिकचे, लूमचे दोन कारखाने होते. तिला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या आणि आठवडाभरात ती संपली. मागे दीड वर्षाची पोरगी. हमीदाचा रक्तदाब इतका वाढला की तिला उठून बसवेना. धाकटी अफीफा बहिणीच्या पोरीला कडेवर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत होती. सादिकच्या काकीने मागच्या खोलीत सगळी तयारी करून ठेवली होती आणि सारखी घाई करत होती. "गर्मी हाय आपा, लवकर उरकून घ्या."

दार लावलं, कपडे काढले, वर चादर घातली. आपाने तहसीनला कुशीवर वळवलं आणि पाणी ओतता ओतता माझा हात थांबला.

पाठीवर वळ होते. काही जुने, काळे पडलेले, काही ताजे. कमरेच्या वर एका जागी पट्ट्याच्या बकलाचा चौकोन उमटला होता, इतका स्वच्छ की मधली काडीसुद्धा दिसत होती. दंडावर बोटांच्या खुणा.

"आपा," मी म्हटलं.

"पाणी ओत," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

तिने त्या पाठीवरून हात फिरवला तो जिवंत माणसाला दुखू नये तसा. कापूर लावला, कफन बांधलं. मग बाहेर जाऊन ती हमीदापाशी बसली, तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "हमीदा, तुझी लेक शांत गेली. चेहऱ्यावर नूर व्हता नुसता, अल्लाहचं तेज."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथून उठून खाली आले आणि बिल्डिंगच्या गेटवर उभी राहिले. समोर कंटेनरची रांग हॉर्न वाजवत अडकली होती. मला त्या सगळ्यांच्या वर ओरडावंसं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर मी आपाला विचारलं, "हे चालतं तुमच्या अल्लाहला?"

"तिनं सोता कुणाला दाखवलं न्हाय, जोहा. आईला न्हाय, बहिणीला न्हाय. जी आता उठून नको म्हणू शकत न्हाय, तिचा अंग मी चारचौघांत उघडा करू?"

"पण त्याने मारलं तिला!"

"डेंग्यूनं गेली ती."

"मी तिच्या मरणाचं बोलत नाही. जगण्याचं बोलतेय."

ती रस्त्याकडे बघत राहिली. मीही. आमच्या मैत्रीत इतकी वाईट शांतता आधी कधी आली नव्हती. घरी आल्यावर मी भांडी आपटली, नवऱ्याला उगाच बोलले आणि त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोरून तो चौकोन हलला नाही. मनाशी म्हटलं, आता काय, गेली बिचारी. बोलून कुणाचं भलं होणार?

पण चाळिसाव्या दिवसाचा चेहलुम झाला नाही तोच बातमी आली. सादिकसाठी अफीफाला मागितलं होतं.

कुणालाच नवल वाटलं नाही. बायको गेली, मागे लहान मूल राहिलं की मेहुणीला विचारायचं, हे आमच्याकडे नवं नाही, आणि आमच्या एकट्यांकडेच आहे असंही नाही. पोरीला परकी आई नको, मावशीच बरी. अफीफा बालवाडीत शिकवायची. हसरी, हळवी पोरगी. भाचीला छातीला लावून तिने हो म्हटलं होतं. रविवारी दुपारी काल्हेरची माणसं बोलणी पक्की करायला येणार होती.

मी नियमबियम सगळं गुंडाळून ठेवलं आणि सरळ हमीदाच्या घरी गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पाठ, दंड, सगळं. सांगताना माझाच आवाज चढत गेला.

हमीदाने मेथीची जुडी खाली ठेवली. "जोहा, तुझं आणि सादिकच्या काकीचं पार्किंगवरनं भांडण झालं व्हतं ना गेल्या साली?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"डेंग्यूत अंगावर डाग पडतात. डाक्टरनं सांगितलं व्हतं आधीच." तिने जुडी पुन्हा उचलली. मग अगदी समजुतीने, माझीच कीव करत म्हणाली, "तसा काय असता तर सालेहाआपा बोलली असती. ती न्हाय खोटं बोलायची. माझ्या कानात बोलली, पोरगी शांत गेली, चेहऱ्यावर नूर व्हता. दुःखात असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर नूर येतो? काकीपण तेच म्हणाली, आपाचा शब्द हाय म्हंजे पोरगी आमच्या घरात सुखी व्हती, याच्यापरीस मोठी गवाही कुठली? त्याच्यावरच तर मी हां म्हटलं."

मी तिथून उठले ती धावतच आपाच्या दारात. ती नमाजच्या चटईवर बसली होती, तसबीहचे मणी बोटांत. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"तुमचा नूर त्यांना कामाला आला," मी म्हटलं. "त्या नुरावर अफीफाचा निकाह ठरतोय. काकी तुमचं नाव घेऊन गवाही फिरवतेय. मी सांगितलं तर हमीदा हसली मला. मी भांडकुदळ, तुम्ही अल्लाहच्या वली. आता बसा मणी ओढत."

इतकं लागट मी तिला कधी बोलले नव्हते. बोलल्याबरोबर वाईट वाटलं, पण शब्द मागे घेण्याइतकं वाईट वाटलं नाही. आपाने तसबीह खाली ठेवली.

"माझा नाव घेतात?" तिने विचारलं.

"तुमचंच."

ती उठली, पुन्हा बसली. चटई गुंडाळली, पुन्हा पसरली. पुढचे दिवस तिचं असंच चाललं. भिंतीपलीकडून मला तिच्या फेऱ्या ऐकू यायच्या. लूम बंद असले की जास्तच. गंगूने आणलेली भाजी दारातच सुकत राहिली. एकदा मी डबा घेऊन गेले तर ती म्हणाली, "मी चाळीस वरसं झाकत आले. आता तोंड उघडलं तर ज्या ज्या बाईला मी हात लावला, तिच्या घरचा माणूस रातचा जागंल. म्हनंल, माझ्या आईचा हिनं काय बघितला असंल, कुणाला सांगितला असंल. किती घरं हायत, जोहा."

 तिचं म्हणणं खरं होतं आणि अफीफाचा रविवारही खरा होता. मी गोदामात चुकीच्या खोक्यांवर चुकीचे स्टिकर लावत होते. शुक्रवारी ती एका मय्यतीला गेली नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं. आपाने नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली.

रविवारी दुपारी तिने माझी कडी वाजवली. धुतलेली पांढरी ओढणी, चेहरा उतरलेला. "चल," ती म्हणाली. नेहमी म्हणायची तसंच.

हमीदाच्या घरात पुरुष बाहेरच्या खोलीत बसले होते, बायका आत. सादिक कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, सुतकी माणसाने बसावं तसा. आपाला बघून आतल्या बायकांनी जागा केली. काकी तर खूशच झाली. "या आपा, तुमच्याच हातानं पोरीचं तोंड गोड करा." अफीफाच्या डोक्यावर त्यांनी आणलेली हिरवी जरीची ओढणी होती. काकीने पेढ्यांचं ताट पुढे केलं. आपाने एक पेढा उचलला, हातात धरला आणि परत ताटात ठेवला.

"हमीदा, अफीफा, जरा सैपाकघरात या," ती म्हणाली. "जोहा, तू पण."

काकी मागे येऊ लागली तशी आपाने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. एवढं धारिष्ट मला जमलं नसतं.

"हमीदा, मी तुला अर्धाच सांगितला," आपा म्हणाली. "तहसीनचा चेहरा शांत व्हता, त्यात खोटं न्हाय. पाठीचा न्हाय सांगितला."

हमीदाने माझ्याकडे जळजळीत बघितलं. "हिनं भरवलं तुमच्या कानात. आपा, ते डेंग्यूचे डाग व्हते."

"डेंग्यूला बकल नसतं, हमीदा."

हमीदाने दोन्ही हात कानांवर ठेवले. "नका बोलू. मय्यतीचं झाकायचं असतं, तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"हां, मीच शिकवलं. मना वाटलं मी तहसीनचं झाकतेय. तिनं काय केलं व्हतं ग, झाकायला? मी त्याचं झाकलं. माझ्या चादरीखाली तो लपला." आपाचा आवाज फुटला. तिने हमीदाचे हात कानांवरून ओढून काढले, तिच्याकडे पाठ केली आणि तिचा तळवा मागे घेऊन आपल्याच पाठीवर ठेवला. "हितून हितपर्यंत. आणि हितून. हे जुने. हे नवे. आणि हा, कमरेच्या वर, चौकोन." एकेक जागा ती हमीदाच्या हाताने स्वतःच्या अंगावर दाखवत गेली. म्हाताऱ्या पाठीची हाडं कपड्यातून वर आलेली, आणि हमीदाचा हात त्यांवर फिरत होता. मी भिंतीला टेकून उभी होते. मला बघवत नव्हतं आणि नजर हटवताही येत नव्हती.

हमीदा ओट्याखाली मटकन बसली. "फोनवर हसायची," ती म्हणाली. "रोज हसायची माझ्याशी."

अफीफा रडली नाही. डोक्यावरची हिरवी ओढणी काढली, तिची नीट घडी घातली आणि दार उघडून काकीच्या मांडीवर नेऊन ठेवली. "पोरीला मावशी पाहिजे ना? मग पोरगी इथे द्या," ती म्हणाली. "मी तिकडे येणार नाही."

मग हमीदाने बाहेर येऊन सादिकला सगळ्यांसमोर पट्ट्याचं विचारलं, आणि जो काय गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. सादिक उठून निघूनच गेला. त्याच्या तोंडून "हे खोटं आहे" एवढं वाक्यही बाहेर पडलं नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. काकीने मात्र जिन्यात उभं राहून आख्ख्या गल्लीला ऐकवलं, "मय्यतीच्या गोष्टी बाजारात आणणारी बाई! उद्या तुमच्या आयांचं पण सांगंल!"

आपा शांतपणे म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. आजपासून मना कुणी बोलवू नका."

लोकांनी तिचं ऐकलं. तिचा फोन वाजायचा थांबला. कफनाचं कापड कारखान्याचा मालक माझ्या घरी आणून ठेवायला लागला, आपाच्या दारावरून, मान वळवून. सादिककडून पोरीसाठीची भांडणं सुरू झाली, ती अजून चालू आहेत. जमातची माणसं बसतात, उठतात. पोरगी सध्या हमीदाकडे आहे आणि अफीफाच्या पायात पायात करते. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर आपाला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती दिवसभर हात चोळत बसायची, एकदा उजवा, एकदा डावा. मी विचारलं, "पस्तावताय?" म्हणाली, "न्हाय. पन मना ते काम आवडायचं ग." हे ऐकून मला जेवढं रडू आलं, तेवढं तहसीनच्या मय्यतीला आलं नव्हतं.

काल सकाळी फोन आला तो मला. पुढच्या गल्लीतली एक म्हातारी गेली होती. सून म्हणाली, "तू ये, पण आपाला आणू नको. सासूबाईंच्या दिराचा हट्ट हाय." मी हो म्हटलं खरं. आपाशिवाय मी कधी त्या खोलीत गेले नव्हते. मी तिच्याकडे गेले, तर तिथे अफीफा आधीच येऊन उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या.

"मी जाते जोहाबरोबर," ती म्हणाली.

आपाने तिच्याकडे वर बघितलं. "बघवंल तुला?"

"माझ्या बहिणीचं मी बघितलं नाही, आपा. गॅलरीत फिरत राहिले."

आपाने चटई सरकवून जागा केली. मग तिने अफीफाला समोर बसवलं आणि सगळं समजावलं. पाणी किती कोमट, हात कुठून फिरवायचा, केस कसे सोडवायचे, चादर कधीही सरकू द्यायची नाही. अफीफा बालवाडीतल्या पोरांनी ऐकावं तशी मन लावून ऐकत होती.

"आणि बाहेर आल्यावर घरच्यांना काय सांगायचं?" तिने विचारलं.

आपाचे हात थांबले. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर तिने ज्याचं उत्तर एका दमात दिलं असतं, ते आता तिला शोधावं लागत होतं.

"चांगलं सांग," ती म्हणाली. "जेवढं खरं असंल तेवढंच."

मग ती उठली, आमच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तिने हात करून रिक्षा थांबवली. आम्हा दोघींना तिने आत बसवलं. रिक्षा निघाली तरी ती तिथेच उभी होती.